वडिलांनी आणलेला कौल

सुख दाराशी आलं तरी आधी त्याचे पाय बघायचे, उलटे तर नाहीत ना, असा माझा स्वभाव. त्यामुळे सातवीची फायनल परीक्षा पास झाल्यावर खाडीपलीकडच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि वडील चक्क 'जा' म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आमच्या वाडीतली एकही मुलगी नोकरीला गेली नव्हती.

आमच्याकडे विहीर खणायची तरी ग्रामदेवीला कौल लावत. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घाली. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर विषय संपला. वडील म्हणाले, "उजवा कौल मिळाला." मला का नाही नेलंत, असं विचारलं तर म्हणाले, "घाई होती." आमच्या देवीपुढे कुणाची घाई चालल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी ताडलं, त्या गावात एखादं स्थळ हेरलेलं असणार. नोकरी म्हणजे मुलगी दाखवायची सोय. तिथली कुणी बाई गोड बोलली की ही होणारी सासू, असंच मी धरून चाले. एकीने ताक दिलं, ते मी प्यायलेच नाही. वर्गात मात्र सगळं विसरायला होई. पहिलीतल्या पोरींनी पाटीवर स्वतःचं नाव काढलं की मला इतका आनंद व्हायचा, की त्याचाही संशय यायचा.

शेवटी एका रविवारी मी गुरवाला देवळात गाठलं आणि विचारलं, कौल खरंच उजवा होता, की वडिलांनी तुम्हाला पढवलं होतं?

तो वाती वळत होता. "कसला कौल गो? बापूस तुझा पायरीपर्यंत आला. मी कळ्या भिजवल्या, तर म्हणतो, ऱ्हाऊ दे, डावी पडली तर पोरीला घरात बसवायला लागंल. नि गेला माघारी. तेव्हापासून देवळात पाय नाय त्याचा. बाहेरनंच हात जोडतो. देवीच्या नावानं खोटं बोललो, म्हणतो."

मी तिथेच पायरीवर बसून रडले.

घरी आले तेव्हा वडील पडवीत सुंभ वळत बसले होते. "जेवलीस काय गो?" त्यांनी विचारलं.

"मला शाळा फार आवडते, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र थांबले.

"मग झालं," ते म्हणाले.