आत्याबाईंची टोपली कारवी

सांगलीहून साताऱ्याच्या एस.टी.त बसले तेव्हा माझ्या मांडीवर एक रिकामं पोतं होतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, माहेरच्या डोंगरावरची टोपली कारवी परसात लावायला मागवली होती. भाऊ वारल्यापासून त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. "आता मला कोण बोलावतंय?" म्हणायच्या. डोंगरच परसात आणला तर त्यांच्या जिवाला बरं वाटेल, असा माझा हिशेब.

साताऱ्यात बदललेली गाडी पुढे चढाला लागली आणि खिडकीतून धुकं आत आलं. पठारावर उतरले तर जिकडेतिकडे कारवी. कुडाला (शेणाने लिंपलेल्या काठ्यांच्या भिंतीला) लागते ती उंच कारवी वेगळी. ही गुडघ्याएवढी, उपड्या टोपलीसारखी गोल आणि सात वर्षांतून एकदा फुलणारी. कुणी कात्री न लावता इतकी नेटकी, की मी प्रेमातच पडले.

आत्याबाईंच्या भावाची सून शेवंता. तिने नाचणीची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. कारवी बागेत कशी लावायची, असं विचारलं तर ती हसतच सुटली.

"आवं वैनी, हिला कोण लावतंय? ती आपली आपण येती."

मग मी माझंच डोकं चालवलं. आमच्या काळ्या मातीत ती कुजणार, म्हणून झुडपाबरोबर तिथला मुरूम आणि दगडही पोत्यात भरले. निघताना आत्याबाईंसाठी ओटी मागितली. शेवंताने मान हलवली.

"झाड न्या. म्हायेरची ओटी अशी पोत्यासंगं धाडत न्हाईत. आत्यास्नी सांगा, येऊन घ्या म्हणावं."

मला रागच आला. त्यात साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरने पोतं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सांगलीतली दगडं संपली काय?" सांगली येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परसात उंचवटा करून दगडांत कारवी बसवली. आत्याबाई तिच्या खरखरीत पानांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेवंतानं ओटी न्हाई दिली?"

भीतभीतच निरोप सांगितला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दुखावल्या असं वाटून माझा जीव अर्धा झाला.

"म्हंजे बोलावलं की गं मला," त्या म्हणाल्या, आणि तशाच मातीच्या हातांनी आत जाऊन मामंजींना विचारू लागल्या, "आवं, साताऱ्याची पयली गाडी कवा हाय?"