सायकलच्या पिशवीतला लाडू

माझी मुलगी सायकल घेऊन घराबाहेर पडली की ती परत येईपर्यंत मी घाबरलेला असतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती वीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी पातळ चाकांची, वाकड्या हँडलची आपली रोडबाइक काढून चाळीस-पन्नास किलोमीटर सहज फिरून येते. अकराव्या वर्षापासून तिला इन्सुलिन घ्यावं लागतं. साखर वाढली तर हाताशी वेळ असतो, एकदम कमी झाली तर नसतो, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं आहे.

या सायकलला ना कॅरिअर, ना टोपली. सीटखाली मुठीएवढी एक पिशवी. त्यात जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि बोटभर लांबीचा पंप. पुढच्या दांडीवर खाण्यापिण्याची आणखी एक पिशवी. तिच्यात साखर तपासायचं यंत्र, दोन खजूर आणि ग्लुकोज पावडरच्या तीन पुड्या. फोन टी-शर्टच्या पाठीमागच्या खिशात. एवढ्या सामानावर आपली पोर शहराबाहेर जाते, हे मला कधीच पटलं नाही.

बायको सकाळच्या शाळेत शिकवते, शनिवारी तिला साडेसहालाच निघावं लागतं. माझ्या कचेरीला शनिवारची सुट्टी, म्हणून पिशवी भरायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनावर घेतलं. मी कापूस भरायचो, शिट्टी भरायचो, लिंबू, बॅटरी, नाडीचा गुंडा, काय वाटेल ते. ती सगळं काढून ओट्यावर ओळीनं मांडून ठेवायची. एकदा तर तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझं सामान तोलून दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, मी सायकल चालवाले जाऊन राहिली, बिऱ्हाड हलवाले नाही."

यंदा थंडी चांगली पडली होती. इतवारीच्या बाजारातून मी डिंक, खारीक, खोबरं आणलं आणि माझी आई करायची तसे लाडू केले. लाडवांच्या बाबतीत मी गर्विष्ठ माणूस आहे. बायकोला ओट्यापाशी उभं राहू देत नाही, तूप हात आखडून घालत नाही. त्या पावडरीवर मात्र माझा कधी विश्वास बसला नाही. कारखान्यातली, नारिंगी वासाची, पोटात गेल्यावर काय करते कोण जाणे. आपल्या लाडवात गूळ आहे, डिंक आहे, ताकद आहे. शनिवारी सकाळी दोन लाडू डबीत घालून ती डबी पुढच्या पिशवीत बसवायला गेलो, तर चेन लागेना. काहीतरी काढणं भाग होतं. मी पुड्या काढल्या.

गोड ते गोड, असा साधा हिशोब केला आणि चेन लावली. ती घाईघाईनं बूट घालत होती. सगळं भरलं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

मनीषनगरच्या आमच्या घरातून ती बेसाच्या दिशेनं जाते आणि तिथून पुढे मोकळ्या रस्त्याला लागते. तिचा निळा ठिपका माझ्या मोबाइलवर दिसत राहतो, ही आमच्यातली अट आहे. त्या दिवशी मी पेपर वाचत मध्येमध्ये ठिपका बघत होतो. एकदा बघितलं, तो थांबला होता. पाणी पीत असेल, असं मनाला सांगितलं. पुन्हा बघितलं, तिथंच. एवढ्यात फोन वाजला.

तिचा आवाज मंद आणि जड होता, झोपेतून उठून बोलल्यासारखा. "बाबा, शुगर लो झाली. खजूर मघाच संपले. लाडू खाल्ला, वीस मिनटं झाले. काही फरक नाही. पावडर सापडून नाही राहिली."

पुड्या माझ्यासमोर ओट्यावर होत्या, लाडवांच्या डब्याला टेकून. मी खरं ते सांगितलं, पावडर घरी राहिली, मीच काढली. ती नुसतं बरं म्हणाली. रागावली असती तर मला धीर आला असता. कुठे आहेस, आसपास कोणी आहे का, कोणाला तरी हाक मार, असं मी बोलत सुटलो. पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "मी घरीच आहे ना बाबा."

फोन कट झाला, पुन्हा लावला तर नुसता वाजत राहिला. पुड्या मुठीत घेतल्या आणि घरातल्या चपलांवरच स्कूटर काढली.

बेसापर्यंत वाळूचे टेम्पो आणि अर्धवट खणलेला रस्ता. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी समोर बसवून समजावलेलं सगळं मला त्या धुळीत स्पष्ट आठवलं. आधी पावडर किंवा साखरेचं पाणी, तुपाचं काही नाही, कारण तूप साखरेला पोटात अडवून धरतं. तेव्हा मी मान डोलावली होती. घरी येऊन बायकोला समजावूनही सांगितलं होतं. आणि तरीही पोरीच्या पिशवीत तुपात थबथबलेले लाडू मी स्वतःच्या हातानं ठेवले होते. अशा अवस्थेत घास नीट गिळता येत नाही, हेही आठवलं. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रत्येक वस्तू मला तिच्यासारखी दिसत होती. एका ठिकाणी निळी ताडपत्री होती, तरी मी ब्रेक दाबला.

ती एका चहाच्या टपरीवर सापडली. सायकल मातीत आडवी, आणि ती बाकावर भिंतीला टेकून. केस घामानं कपाळाला चिकटलेले. टपरीवाली बाई तिच्या तोंडाशी ग्लास धरून उभी होती. पोरगी आली आणि नुसती उभी राहिली, काही बोलेना, असं त्या बाईनं सांगितलं. तिच्या सासूलाही शुगर होती, तिला असंच व्हायचं, म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजायला घेतलं होतं. हा दुसरा ग्लास होता. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "काहून गा भाऊ, पोरीसंग साधी साखर बी देत नाही का?"

माझ्या मुठीत तीन पुड्या होत्या. त्या मी तशाच खिशात घातल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं बोटाला टोचून साखर तपासली, आकडा मला दाखवला आणि विचारलं, "तुम्ही काहून आले?" तिला फोन केल्याचं आठवत नव्हतं. माझं कबूल करणंही आठवत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर पुडी कुठेतरी पडली असेल, असंच ती समजली असती. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो बराच वेळ तिथं होता, हेही सांगून टाकतो.

मग मी सांगितलं. डबी बसत नव्हती, म्हणून पुड्या काढल्या, आणि तुला बोललो नाही.

ती रागावली नाही. रिकाम्या ग्लासकडे बघत म्हणाली, "एरवी मी एकदा चेन उघडून बघते. आज तुम्ही हो म्हटलं, म्हणून बघितलं नाही."

त्यानंतर महिनाभर तिनं पिशवी स्वतः भरली आणि मी त्या वेळी मुद्दाम आंघोळीला जायचो. मग एका शनिवारी तिनं पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि भरा म्हणाली. मी यंत्र ठेवलं, खजूर ठेवले, पुड्या तीनदा मोजून ठेवल्या. चेन सहज लागली. ती टाटा करून खाली गेली. मी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो. फाटकाबाहेर तिनं सायकल भिंतीला टेकवली, वर एकदा बघितलं, मी दिसत नाही याची खात्री केली आणि पिशवी उघडून पुड्या बोटानं मोजल्या. मला फार लागलं ते. पण ती न मोजताच निघाली असती, तर मी वरून हाक मारून तिला थांबवलं असतं.