दाजींचे वीस मैल

तार कारखान्यात आली. नगरजवळ, नागापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हात ग्रीसनं बरबटलेले, म्हणून सुपरवायझरलाच म्हटलं, तुम्हीच वाचा. त्यानं वाचली आणि तार माझ्यापुढं धरली. दाजी गेले होते. मग जो तो एकच विचारायला लागला, "गाडीवरून पडले का हो?" रडू यायच्या आधी मला रागच आला. अहो, गाडीवरून पडून मरायला गाडी पळवावी लागते! आमच्या दाजींनी जन्मात काटा वीस मैलांच्या वर जाऊ दिला नाही. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना त्यांच्या छातीत कळ आली, ते उंबऱ्यावर बसले आणि बसल्या जागी गेले. वय अवघं एक्कावन्न. आज सहा आठवडे झाले, तरी कुणी गाडीचं विचारलं की माझं डोकं फिरतंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राजूरच्या गुरांच्या दवाखान्यात ते स्टॉकमन होते, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली औषधपाणी करणारे. डोंगरातली माणसं त्यांना डॉक्टर म्हणायची. "अहो, मी डॉक्टर नाही," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि समोरचा "बरं डॉक्टर" म्हणायचा. वाड्या-वस्त्यांवर पायी हिंडून त्यांचे गुडघे गेले, तेव्हा अक्कानं माझ्यामागं लकडा लावला आणि मी त्यांना गाडी बघून दिली. भिंगारला लष्कराचा लिलाव होता, त्यात निघालेली जुनी, जड, धिप्पाड मोटारसायकल. तीन महिने सगळे रविवार घालवून मी ती नट न् नट खोलून पुन्हा बांधली. दौंड रस्त्यावर काटा सत्तर मैलांवर नेऊन पाहिला, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यानं आलं म्हणा, पण आलं. खरं सांगायचं तर गाडी देताना माझा जीव तिच्यात अडकला होता.

आणि ती गाडी दाजींनी कशी चालवावी? एकदा त्यांच्या मागं बसून तालुक्याला, अकोल्याच्या बाजारात निघालो होतो. एक सायकलवाला घंटी वाजवत आमच्या पुढं निघून गेला. दाजींनी वर त्याला हात केला!

"दाजी, काही लाज?" मी म्हटलं.

"त्याला घाई असेल."

"अहो, सत्तर मैलांची गाडी आहे ही!"

"मला कुठं सत्तरला जायचंय, दत्तोबा? मला बाजारात जायचंय. तो काय पळून जातोय?"

माझा धंदाच गाड्यांचा. रोज बघतो ना मी... माणूस गाडी घेताना किती पळते ते आधी विचारतो, आणि मग तिच्यावरून जन्मभर दळण आणतो. गाडीत काय काय आहे ते बहुतेकांना कळतही नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, त्यावरच आमचं पोट आहे. पण ही गाडी माझ्या हातची होती. ती अशी रांगताना मला बघवायची नाही.

गेल्या भाऊबीजेला मी मनाशी ठरवूनच राजूरला गेलो. माझ्याकडं एक हलकी, नवी गाडी होती, दाजींच्या गुडघ्यांना सोपी. ती त्यांना द्यायची आणि ही जुनी आपण परत आणायची. ओवाळून झालं, पाटावर बसल्या बसल्याच मी विषय काढला. दाजी कधी कुणाला नाही म्हणत नसत. अंगातला सदरा मागितला असता तर काढून दिला असता. पण त्या दिवशी ते म्हणाले, "नाही दत्तोबा, मला हीच लागते."

"लागते? वीस मैलांनी चालवायला लागते? का म्हणून?"

ते काही सांगणार होते. तोंड उघडलं होतं त्यांनी, मला आजही दिसतं. पण मला दम कुठला? शेजारपाजारची चार माणसं बसलेली, त्यांच्यादेखत मी बोललो, "तुम्ही वाघ नेऊन औताला जुंपलाय, दाजी. तुमची लायकी सायकलची." आणि ताटावर न बसताच उठलो. भाऊबीजेच्या दिवशी भाऊ उपाशी गेला. अक्का दारापर्यंत धावत आली, तरी मी वळून बघितलं नाही.

दहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र पोस्टकार्डं पाठवत राहिले. भांडणाबद्दल एक अक्षर नाही, सगळं गाडीबद्दल. प्लग साफ केला. चेन ढिली वाटते, किती आवळू? चेन किती आवळायची ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. बोलायला निमित्त हवं म्हणून विचारत होते, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी उत्तर दिलं नाही. शेवटचं कार्ड श्रावणात आलं, "क्लच सरकतो आहे. सवडीनं येऊन बघशील का?" मी गेलो नाही. असला माज माणसाला का येतो, देव जाणे... मी गेलो तो त्यांना खांदा द्यायलाच.

तेरावा झाल्यावर अक्का म्हणाली, "दत्तू, गाडी तू घेऊन जा. तुला हवी होती ना?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. नगरपर्यंत न्यायची तर क्लच बघणं भाग होतं, म्हणून अंगणात बसून खोलला. प्लेटा जळून काळ्याठिक्कर पडलेल्या. मी चक्रावलो. वीस मैलांनी जाणाऱ्या माणसाच्या प्लेटा अशा जळतील कशा? शेवटी म्हटलं, चालवायची रीतच नव्हती त्यांना. मेलेल्या माणसाबद्दलही माझं डोकं असंच चाललं होतं. कार्डातलं आठवून तेराव्याला येताना आणलेल्या नव्या प्लेटा बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पाऊस भुरभुरत होता. अक्कानं खुंटीवरचा दाजींचा रेनकोट काढून माझ्या अंगावर चढवला आणि टोपीही घातली.

गाव सुटलं की गाडी मोकळी सोडायची, एकदा तरी तिला मनासारखं पळू द्यायचं, असं मी ठरवलं होतं. पण गावाबाहेरच्या वळणावर गुरांचा कळप आडवा आला आणि गाडी पावलाच्या वेगावर आणावी लागली. तेवढ्यात मागं वजन पडलं. कुणीतरी चालत्या गाडीवर, विचारणं नाही सवरणं नाही, सरळ चढून बसलं होतं! खांद्यावर एक हाडकुळा हात आला.

"चला डॉक्टर. महिनाभर लेकीकडं गेल्ते, आत्ताच यष्टीनं उतरले बघा. तुमच्या औषिदानं म्हस उठली बरं का! लई गुनाची हाय."

म्हातारी होती. डोक्यावर गाठोडं, तोंडाचा पट्टा चालू. सांगायला हवं होतं तिला. पण ती म्हणेल तिकडं मी गाडी वळवली. तिची वाडी रस्त्यापासून वर, डोंगराच्या अंगाला. वाट म्हणजे नुसता चिखल आणि धोंडे, छातीवर येणारा चढ. पहिला गिअर टाकला, थ्रॉटल पुरा पिळला, क्लच अर्धा दाबून धरला, आणि गाडी माणसाच्या चालीनं, धापा टाकत, पण न थांबता वर चढायला लागली. दौंड रस्त्यावर सत्तर मैलांनी पळवताना तिनं जेवढा जोर लावला नव्हता, तेवढा ती इथं लावत होती. माझी हलकी गाडी पहिल्याच धोंड्याला मेली असती. असल्याच चढांवर, क्लच असाच अर्धा धरून जळालेल्या प्लेटा माझ्या डोळ्यांपुढं आल्या आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

वर पोचल्यावर म्हातारी उतरून पुढं आली आणि माझं तोंड बघून दचकली.

"आगं बया... तू कोन रं?"

"मी त्यांचा मेहुणा."

"आन् डॉक्टर?"

मी सांगितलं. ती तिथंच दगडावर बसली. घरातून तिची सून बाहेर आली. भाताचं रोप लावून झाल्यापासून ती वाडीखाली उतरली नव्हती, तिलाही ठाऊक नव्हतं. दोघींनी पदर तोंडाला लावले. पदराआडूनच सून म्हणाली, "माजं पोर आडलं हुतं, तवा ह्याच गाडीवर मला खाली दवाखान्यात न्हेलं. आत्याबाई मागं धरून बसल्या हुत्या. आख्ख्या वाटंला एक हिसका बसू दिला न्हाई." मग म्हातारीनं डोळे पुसले आणि उठली. "चल, मला माघारी घिऊन चल. डॉक्टरांच्या बाईला भेटाया पायजे."

"मीबी येते," सून म्हणाली.

"अहो, दोघी कशा बसणार?"

"आमी बसतो की नेहमी. तुमी फकस्त सावकाश चालवा."

आणि मी सावकाश चालवली. मागं दोन बायका, वाट निसरडी. दाजी जसे चालवायचे तशीच चालवली. का म्हणून विचारलं होतं ना मी? विचारलं, पण ऐकायला थांबलो नाही. आता ते सांगणारं माणूस नव्हतं, म्हणून गाडीच सांगत होती, आणि मी टोपी डोळ्यांवर ओढून रडत होतो. राजूरच्या शेवटच्या वळणाला लागलो तेव्हा काटा दहावर होता.

दारात गाडी उभी केली. म्हातारीनं आत जाऊन अक्काच्या गळ्यात हात टाकले, मग तिघी जणी रडल्या. मी ओसरीवर तसाच ओल्या रेनकोटात उभा होतो. अक्का डोळे पुसत बाहेर आली. माझ्या तोंडाकडं न बघताच म्हणाली, "तू सकाळी गेलास तो आवाज तुझा होता, दत्तू. आत्ताचा हा त्यांचा. वळणावर हा आवाज आला की मी चहा टाकायची. गाडी दारात येईपर्यंत बरोबर उकळायचा. पंधरा दिवस विसरले होते... आज हात आपोआप गेला बघ."

आणि तिनं कपबशी माझ्या हातात दिली. चहा नुकताच उकळलेला होता.