मधली जागा

माझा मामा शाळेतल्या वर्गांचे ग्रुप फोटो काढायचा. उंच पोरं मागे, बुटकी पुढे, मुख्याध्यापक खुर्चीवर, आणि मग कॅमेऱ्यामागून याचा आरडाओरडा: "सरका, जरा आत सरका! मधली जागा रिकामी दिसता कामा नये!" गावात त्याला सगळे सरकामामा म्हणतात. बसस्टॉपवरच्या बाकावर कुणी शेजारी टेकलं तरी हा त्याला अजून थोडं आत सरकवतो.

केस पिकल्यावर त्याने फोटोचं दुकान बंद केलं आणि सीगल पक्ष्यांच्या नादी लागला. शाळेतल्या पोरांइतकीच दंगेखोर जमात, फक्त बापजन्मी कुणाचं ऐकत नाही. ओहोटी लागली की बंदरामागच्या वाळूवर ते हजारोंनी उतरतात आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. मामा बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर कॅमेऱ्याची तिपाई लावतो. इतर हौशी लोक एखादी चोच, एखादा डोळा टिपत बसतात. मामाला अख्खा थवा हवा. "एकट्याचा फोटो काय, ओळखपत्रावरही असतो," म्हणतो.

पण हा नाद मूळचा आईचा. आई त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच या बर्फाच्या कारखान्यात पाळ्या करून त्याला वाढवलं. पाळी सुटली की त्याला कडेवर घ्यायची, बंदराच्या कठड्यावर बसायची आणि दोघं थवा उठायची वाट बघायची. म्हातारपणीसुद्धा तिची ती फेरी चुकली नव्हती.

मग तिचे डोळे बिघडले. बघेल तिथे मधोमध काळा डाग. घड्याळाचे आकडे दिसतात, काटे दिसत नाहीत. माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. "तुझ्या तोंडावर कुणीतरी हात ठेवलाय असं वाटतं गं," ती एकदा मला म्हणाली. मी भांडी घासायचं निमित्त करून आत गेले, कारण मला रडू आवरेना. पुढे तिने समुद्रावर जाणं सोडलं. खुर्चीही फिरवून घेतली, समुद्राकडच्या खिडकीकडे पाठ येईल अशी.

मामाच्या ते जिव्हारी लागलं. ताईला थवा परत दाखवायचाच, असा त्याने चंग बांधला. उन्हासमोर कॅमेरा धरून त्याने पांढऱ्या आभाळावर काळेकुट्ट पक्षी काढले. शटर मुद्दाम उघडं ठेवून उठणारा थवा काढला, तो दूध उतू गेल्यासारखा दिसत होता. नुसत्या सावल्या काढल्या, ओल्या वाळूतली प्रतिबिंबं काढली. सगळे फोटो दाराएवढे मोठे करून आणायचा. आई प्रत्येकावरून हात फिरवायची आणि लगेच म्हणायची, "छान आलाय हो." एकदा तर फोटोच्या कोऱ्या पाठीवरून हात फिरवतही तेच म्हणाली. मामा नाक शिंकरत जिना उतरला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता. आला नाही. फोन उचलेना. आई चपला घालून दारात बसलेली. माझं डोकं फिरलं. मी तणतणत बर्फाच्या कारखान्याकडे निघाले आणि जवळची वाट म्हणून थेट वाळूतून, पक्ष्यांमधून चालत सुटले. ते काही घाबरले नाहीत. मी येईन तसे कुरकुरत बाजूला होत होते, काही जण जरासे उडून परत बसत होते, आणि माझ्याभोवती वाळूचं मोठं रिंगण मोकळं राहत होतं.

"अहो बाई, सरका! सरका तिथून!" गच्चीवरून ओरडा आला. मग त्याने मला ओळखलं. "तू होय! अगं, फोटोचं वाटोळं केलंस. मधोमध भोक पडलं!"

"भोक गेलं खड्ड्यात! आई ताटकळलीय तिकडे!"

डॉक्टरांनी तपासलं आणि सरळच सांगितलं, "मधली नजर आता परत यायची नाही. कडेची मात्र शाबूत राहील. तिरकं बघायची सवय करा." आईने मान हलवली. मामाने पुन्हा पुन्हा विचारलं, "मधली नाही, पण कडेची आहे ना? कडेची आहे?" डॉक्टर वैतागले.

पुढच्या रविवारी तो भलामोठा फोटो घेऊन आला, टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला आणि आईची खुर्ची अगदी जवळ ओढली. "ताई, तिरकं नको बघूस. सरळ बघ. मधोमध."

"मधे डाग आहे रे राजा."

"असू दे. बघ तर खरं."

आईने बघितलं. या वेळी "छान आलाय" म्हणाली नाही. मग तिचा हात उठला आणि फोटोच्या कडेकडेने फिरू लागला. "हे उभे आहेत. हा उडतोय. हा... अरे, याने पंख पसरलेत! केवढे आहेत रे! चहूकडे आहेत!" मामा तिच्या पाठीमागे उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. मीही रडत होते, आणि या वेळी भांडी घासायला गेले नाही.

"पण मधे काय आहे?" आईने विचारलं. "तू तर मधली जागा कधी रिकामी ठेवत नाहीस."

"आताही नाही ठेवली. मधे तुझी लेक आहे. माझ्यावर भडकून तरातरा चाललीय."

आई खळखळून हसली. मग माझ्याकडे वळली आणि डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे तिरकं न बघता सरळ बघितलं.

"म्हणजे तो डाग तू आहेस होय!" ती म्हणाली. "मग राहू दे."