मागायला शिकवणारी मावशी

चांगलं वागताना माणसाला मुद्देमालासकट पकडणारी बाई उभ्या सांगली जिल्ह्यात एकच होती, आणि ती माझी मावससासू होती. चुका काढणारे नातेवाईक लग्नात सगळ्यांनाच मिळतात. मला बायकोबरोबर ही मावशी मिळाली. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला बंगळूरला जाऊन ती मानसशास्त्राचं कसलंसं शिक्षण घेऊन आली, आणि तेव्हापासून तिचं मत पक्कं झालं की माणसानं चांगलं काही केलं तर ते त्याच क्षणी, नेमक्या शब्दांत त्याला सांगावं आणि बाकीच्याकडे काणाडोळा करावा. नुसतं 'शाब्बास' तिला चालत नसे. "कशाबद्दल शाब्बास, ते कळायला नको का त्याला?" असं ती विचारायची. पहिल्याच दिवाळसणाला मी चुकून माझं जेवलेलं ताट उचललं, तर भरल्या पंगतीत ती म्हणाली, "जावईबापू, ताट उचललंत. फार छान!" जावयानं ताट उचलावं ही त्या काळी सासरची नाचक्की, सासूबाईंना कुठं तोंड लपवावं कळेना. मला मात्र ते इतकं गोड लागलं की पुढं मी आमच्या घरीही ताट उचलू लागलो, आणि सासुरवाडीनं मला काहीतरी चारलंय अशी माझ्या आईची खात्री पटली.

तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. इस्लामपूरच्या एस.टी.त एका कंडक्टरला तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "आजी नीट बसल्यावर घंटी मारलीत, बरं वाटलं." त्या बापड्याला नोकरीत कुणी असं बोललं नसावं. पुढच्या रविवारी प्रत्येक म्हातारीचा पदर सावरून होईपर्यंत त्यानं गाडी हलू दिली नाही. गाडीला उशीर झाला, पुरुषमंडळी त्याच्या नावानं शंख करू लागली, आणि मावशी खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत राहिली.

त्या एस.टी.नं आम्ही, म्हणजे मावशी आणि सोबतीला मी, दर रविवारी का जायचो, ते सांगायला हवं. आष्ट्याच्या पुढं एक उसाचं गाव आहे. तिथली एक बाई सहा-सात वर्षांच्या नंदाला घेऊन सांगलीच्या एका डॉक्टरकडे आली होती. नंदा बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, आणि काही हवं असलं की भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी आईला सुनावलं, "तुम्ही पोरीला माया लावत नाही, म्हणून ही अशी झाली." गुडघा दाखवायला आलेली मावशी बाहेर बसली होती. बाहेर येऊन त्या बाईनं पदर तोंडाला लावला तेव्हा मावशी गुडघा विसरून नंदाशेजारी जमिनीवर बसली होती आणि औषधाच्या पुडीचा कागद तिच्या कानाशी चुरगाळत होती. नंदा हसत होती. "हिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. तुझ्या मायेचा यात काही दोष नाही," मावशी त्या आईला म्हणाली. आता यासाठी 'स्वमग्न' असा सुंदर शब्द आहे. तेव्हा 'ऑटिझम' म्हटलं तर लोकांना ते गोळीचं नाव वाटायचं. आईचं मागणं अगदी एवढंसं होतं. "बोलली न्हाई तरी चालंल, मावशी. पर तिला काय पायजे त्ये एकदा मला कळू द्या. तान लागली का प्वाट दुकतंय, कायबी कळत न्हाई वो."

नंदाचा बाप फौजेत, लांब सरहद्दीवर. घरात सत्ता आजोबांची, म्हणजे आबांची, आणि आबाही पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. मावशी दर रविवारी पोरीला 'शिकवायला' येणार म्हटल्यावर त्यांनी कडुलिंबाची एक छडी तासून, तेल लावून तयार ठेवली आणि मोठ्या मानानं तिच्या हातात दिली. मावशीनं छडी निरखली, "आबा, गाठी छान तासल्यात," म्हणाली आणि परसात जाऊन घेवड्याच्या वेलाला ती आधार म्हणून रोवली. तिच्या पुस्तकांत पोरांना चापट्या मारणारे परदेशी शहाणेही होते. ते पान आलं की ती नाक धरून उलटायची.

मग गावात आवई उठली की बाई पेढे चारून शिकवते. शेजारणी द्रोण घेऊन आल्या. नंदानं पेढ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला वेड होतं उसाच्या वाळलेल्या पाचटाचं, म्हणजे त्याच्या सळसळीचं. त्यामुळं शिकलीसवरलेली माझी मावससासू गोठ्यामागच्या ढिगातून मूठभर पाचट आणायची आणि नंदानं क्षणभर डोळ्याला डोळा भिडवला की तिच्या कानाशी ते सळसळवायची. आबा ओसरीवरून म्हणाले, "आवं बाई, ह्यो माकडाचा ख्योळ झाला. डमरू वाजला की नाचायचं!"

"माकड मालकाला हवं ते करतं, आबा. हिला काय हवं ते हिला मागता यावं, एवढंच मी बघतेय. आणि आधी 'नको' म्हणायला शिकवणार आहे."

"नको म्हनाया शिकवाया लागतंय व्हय? आमच्या घरात त्ये समद्यांस्नी जल्मापास्नं येतंय!"

पण खरंच ती नंदाला आधी 'नको' शिकली... म्हणजे तिनं शिकवलं असं म्हणायला हवं. मावशीच्या बाबतीत शिकणं आणि शिकवणं यांची माझी नेहमी गल्लत होते. नको असलेली भाकरी भिरकावण्याऐवजी नंदा ताट हातानं सरकवू लागली. मग पाण्याची पाळी आली. रिकामा तांब्या आईच्या हातात दिला की आईनं तो लगेच भरून द्यायचा, इतकंच. आई समोर बसायची. मावशी नंदाच्या मागं बसून तिचं मनगट धरून तांब्या पुढं करायला लावायची. काही रविवारांनी मनगट सोडून कोपराला नुसता हात लावायची, मग खांद्याला. आणि तिथंच गाडं अडलं. नंदा तांब्याला हातच लावेना. आईचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, संपलं सगळं.

कारण मावशीनंच शोधलं, तेही गोठ्यामागं पाचट आणायला गेली असताना. तिथं आबा नंदाला मांडीवर घेऊन पाणी पाजत होते. दारात वैरी आला तरी त्याला आधी गूळ-पाणी देणारं ते घर! 'पान्यावर' शिकवायचं म्हणजे पोर तहानेनं व्याकूळ ठेवायची, अशी म्हाताऱ्याची समजूत झाली होती, म्हणून दर रविवारी शिकवणं सुरू व्हायच्या आधी ते तिला गळ्यापर्यंत पाणी पाजून ठेवत. पकडले गेल्यावर हवालदारसाहेब खाली मान घालून म्हणाले, "माज्यानं न्हाई बगवत, बाई." मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तहानलेलं कुणालाच ठेवायचं नाही, आबा. मागितलं की लगेच आणि हवं तेवढं द्यायचं. तुम्ही पाजता ते मायेनंच पाजता. पण तुम्ही आम्ही नसू तेव्हा हिनं पाणी कुणाकडे आणि कसं मागायचं?" आबांनी उठून रांजण काठोकाठ भरून ठेवला.

त्यानंतर एका उन्हाच्या दुपारी मावशी चहा पीत बसली होती, नंदाच्या मागं कुणीच नव्हतं. आई ओसरीवर शेंगा फोडत होती. नंदा उठली, रांजणापाशी गेली, रिकामा तांब्या उचलला आणि येऊन आईच्या हातात दिला. आईनं तांब्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि हंबरडाच फोडला. मावशी कप टाकून ओरडली, "अगं, आधी पाणी! रडणं मग!" ती माउली रडत रडत धावली. नंदा घोटभर प्यायली, उरलेलं अंगणात ओतलं आणि तांब्या पुन्हा आईच्या हातात दिला. पुन्हा, पुन्हा. त्या दुपारी रांजण रिता झाला, आणि आबा घागर घेऊन विहिरीकडे गेले ते आम्हाला डोळे दिसू नयेत म्हणून.

नंदा पुढंही बोलली नाही. "मग उपयोग काय झाला?" असं लोक मावशीला अखेरपर्यंत विचारत राहिले, आणि या प्रश्नाला ती कधी उत्तर देत बसली नाही. ती गेल्यानंतर एकदा मी त्या गावी गेलो. नंदा आईच्या खांद्याला लागली होती. आईनं मला बसवलं आणि सुरू झाली, "काय सांगू दादा, घडीभर टेकू देत न्हाई. ह्ये आन, त्ये दे, ह्ये नगं, समदं हातानं दावती. लय कामाला लावती बगा दिसभर!" चारचौघींसारखं पोरीचं गाऱ्हाणं सांगताना तिचा चेहरा नुसता फुलून गेला होता. हे गाऱ्हाणं मावशीला ऐकवायला मिळालं नाही, याची हळहळ मला अजून वाटते.