ताईच्या गोळ्या

योगशिक्षक होण्याच्या प्रशिक्षणवर्गात सरांनी आम्हा दोघी बहिणींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकाले फायदा झाला, ती गोष्ट झाली. पुरावा नाही." पुस्तकांत रमणारी मी, पण संशोधनाचे लेख समोर आले की प्रश्न ताईचे. किती लोक होते? त्यांचं औषध चालू होतं का? मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं? सर खूश व्हायचे.

पुढे ताई मेडशीला देवळाच्या सभामंडपात बायांचा वर्ग घेऊ लागली. कोणी विचारलं, "बाई, आता बीपीची गोळी सोडू काय?" की ती म्हणायची, "श्वास माह्यापाशी शिका, गोळीचं डॉक्टरले इचारा. मी खाऊनच येतो, म्हणून तं तुमच्यावर ओरडत नाही!" बाया हसायच्या.

ताई कर्करोगानं गेली. दवाखान्यात शेवटपर्यंत बीपीची गोळी तिच्या तळहातावर मीच ठेवत होते. सर भेटायला आले होते, तेव्हाही.

काही महिन्यांनी त्यांनी मला वाशीमला बोलावलं. नव्या वर्गाला संशोधन कसं वाचायचं ते सांगायचं होतं. भिंतीवर ताईचा हार घातलेला फोटो होता. माझी ओळख करून देताना सर म्हणाले, "यांच्या ताईंनी योगाच्या बळावर बीपीची गोळी कायमची सोडली होती."

मी काय शिकवलं, आठवत नाही.

चहाच्या वेळी त्यांना गाठलं. "सर, तुमच्यासमोर गोळी दिली होती मी."

"माहीत हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "लोकाले आकडे समजत नाही, माणूस समजते. ताईचंच नाव होऊन राह्यलं, तुमी काहून मनाले लावून घेता?"

तेवढ्यात मेडशीची एक बाई पुढे आली. ताईची जुनी विद्यार्थिनी, आता शिक्षिका व्हायला आलेली. तिचा आवाज कडवट होता. "बाईनं आमाले गोळ्या खाले लावल्या अन् सोता सोडल्या? सरानं वर्गात पयल्याच दिवशी सांगतलं, तवापासून मीबी बंद केल्या."

मी तिला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. तिनं सरांकडे पाहिलं. सर कपात पाहत होते.

"मंग मी कोनाचं खरं मानू?"

माझ्याजवळही एका माणसाची गोष्टच होती. म्हटलं, "माझंही मानू नको. चल, बीपी मोजू."

समोरच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला. मग गोळी कधीपासून बंद आहे ते विचारून तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. बाहेर आल्यावर पदराचं टोक डोळ्यांना लावून म्हणाली, "बाईले उगाच शिव्या देल्या मी मनातल्या मनात."

मी वर्गात परत गेले, खुर्चीवर चढून भिंतीवरचा ताईचा फोटो उतरवला. हार सरांचा होता, तो खिळ्यालाच राहू दिला.