इवाईंची रेसर आणि जाड टायर

आमच्या इवाईंनी आयुष्यात एकही वस्तू दुकानातून आणली तशी वापरलेली नाही. इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे नांदेडला सुनेच्या वडिलांना असंच म्हणतात. बाजारातून आणलेली वस्तू ही त्यांच्या लेखी वस्तूच नसते, तो नुसता कच्चा माल. नवी छत्री आली की तिची मूठ उपसून तिथे जुन्या इस्तरीची मूठ बसते, कारण 'हाताला वळख पाहिजे'. अहमदपूरच्या त्यांच्या घरात छताचा पंखा त्यांनी एवढा खाली आणलाय की पाहुण्यानं दारातूनच वाकत यावं. 'वर फिरवून काय पालींना वारा घालायचा?' हे त्यांचं म्हणणं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमचा मुलगा जावई म्हणून ओवाळून घेऊन पाटावरून उठला आणि त्याच्या डोक्यावरची टोपी उडून थेट देवघरात पडली. सगळे धावले. इवाई मात्र टाळी वाजवून म्हणाले, "बघा! हवा कशी लागून राहिली!"

ही सोयरीक जमली तीसुद्धा अशीच. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि गळ्यात कापड मोजायचा टेप. तो टेप ते जेवतानासुद्धा काढत नाहीत. बघण्याच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो तेव्हा मुलगा काय करतो, किती शिकलाय, हे त्यांनी विचारलंच नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली एवढं ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजे तुमाला व्हर्नियर वाचता येतो?"

"येतो की. पस्तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. मिलिमीटरचा दहावा भाग..."

"दहावा भाग!" इवाई आतल्या दाराकडे वळून ओरडले, "अगं, चहा ऱ्हाऊ दे! सैपाकच टाक!"

पुरणाच्या पोळ्या खाऊनच आम्ही उठलो. मुलाची आणि मुलीची पसंती नंतर सावकाश झाली.

पण आणली तशी ठेवलेली एक वस्तू त्यांच्याकडे होती, हे मला त्याच दिवशी कळलं. माजघरात भिंतीला टेकून एक रेसर सायकल उभी होती. तरुणपणी हैदराबादच्या जुन्या बाजारात ती त्यांना दिसली आणि एसटीच्या टपावर बांधून त्यांनी ती घरी आणली. बाहेरदेशी बनलेली, फिक्या आकाशी रंगाची, एडक्याच्या शिंगांसारख्या हँडलची. नळ्या इतक्या नाजूक की मला तिला हात लावायची भीती वाटली. टायर माझ्या अंगठ्याएवढे. लोखंड जोडलंय तिथला सांधा बोट फिरवूनही कळत नव्हता. "कोण कारागीर आसंल ओ," इवाई हळू आवाजात म्हणाले. "त्यानं काय बी शिल्लक ठिवलं न्हाई माझ्यासाठी. हिला मी हात लावत न्हाई." रोज सकाळी पायजम्याला क्लिपा लावून ते तिच्यावर महादेवाला जायचे आणि तिथून मार्केट यार्डापर्यंत एक जोरदार फेरी मारून यायचे. सत्तरीला टेकलेला माणूस हँडलवर ओणवा होऊन सोयाबीनच्या ट्रकांना मागे टाकतोय, हे दृश्य बघायला हमाल काम थांबवायचे.

आणि मग ते पडले. नालीवरच्या लोखंडी जाळीच्या फटीत तो अंगठ्याएवढा टायर बरोबर मावला. सायकल तिथेच थांबली, इवाई पुढे गेले. कोपराला प्लास्टर लागलं. विहीणबाई एरवी मोजकं बोलणाऱ्या. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला. "ह्या दोऱ्यावाणी टायरवर आता बसायचं न्हाई. बसायचंच आसंल तर जाड टायर घाला. न्हाई तर ती सायकल देऊन टाका."

आम्हा दोघांची नात तेव्हा दहा महिन्यांची होती. प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्यांचा फोन आला. "इवाई, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मी नांदेडला येणार. सायकलवर. जाड टायर घालून."

अहमदपूर ते नांदेड हा काही मार्केट यार्डाचा फेरा नव्हे. त्यात रस्त्याचं काम चाललेलं. माळाकोळीच्या पुढे तर मैलोन् मैल नुसती खडी आणि मुरूम. पण मला त्यापेक्षा मोठी अडचण दिसत होती. बारीक टायरसाठी बांधलेल्या सांगाड्यात जाड टायर बसणार कुठे?

मग रोज फोन सुरू झाले. सुनेला वाटायचं वडील तिच्याशी बोलायला फोन करतात. ते तिला "बरी हाइस ना? इवाईंना दे," एवढंच म्हणायचे. पहिला टायर किंचित जाड, तो बसला. "पर ह्यो जाड कुठला, ह्यो तर सुजलेला बारीक!" दुसरा वरच्या ब्रेकला घासला. तिसरा, हवा तसला जाड, मागच्या चिमट्यात अडकला. पेडलच्या जवळ ज्या दोन नळ्यांमधून चाक फिरतं, तिथे. "दोन्ही बाजूनं तीन-तीन मिलिमीटर, इवाई! फकस्त तीन! दोन लग्नपत्रिका जातील एवढी जागा पाहिजे, आन हितं पोस्टकार्ड जात न्हाई!"

सायकल घेऊन ते लातूरला गेले. तिथल्या एका मिस्त्रीनं नुसतं बघून सांगितलं, "काका, नळीला दोन हातोडे घालतो. चेमटली की चाक फिरतंय." इवाईंनी त्याच्या हातातून सायकल काढून घेतली आणि तडक एसटी स्टँडवर आले. त्या संध्याकाळी फोनवर त्यांचा आवाज बसलेला होता. "हातोडा म्हनला, इवाई. हिला." "ऱ्हाऊ दे. देऊन टाकू सायकल. तुमाला ठाव हाय का कोन नीट संभाळील आसं?"

मी व्हर्नियर पिशवीत टाकला आणि सकाळची पहिली एसटी धरली.

पोचलो तर दुकान बंद. इवाई अंगणात सायकल उलटी करून तिच्यापुढे बसलेले. मी मोजलं, त्यांनी लिहून घेतलं, मी परत मोजलं. आकडे काही बदलले नाहीत. पेडलपाशी चिमटा अरुंद, मागे आसाकडे जाताना रुंद होत गेलेला. पण चाक एवढं मोठं की टायर नेमका अरुंद जागीच यायचा. विहीणबाई ओट्यावर शेंगा फोडत आमच्याकडे बघत होत्या.

"एक इचारू का," त्या म्हणाल्या. "तुमचं पोट वाढलं तव्हा पायजमा पोटाच्या खाली आला का न्हाई?"

इवाई चिडले. "आता पोटाचं काय मधीच?"

"न्हाई, वर मावंना म्हनून खाली आला. तसं चाकच जरा बारकं घ्या की. जाड टायर मागं सरकंल, जिथं जागा हाय तिथं."

मी व्हर्नियर लावला. चाकाचा घेर कमी केला तर टायर मागे येतो आणि तिथे चिमटा चांगला बोटभर जास्त रुंद! मी आकडा मोठ्यानं वाचला. पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण इतका छाती धडधडवणारा आकडा मी वाचला नव्हता. इवाई उठले, शेंगांच्या टोपल्यासकट विहीणबाईंभोवती एक गिरकी घेतली आणि ओरडले, "बारकं चाक! आता आनायचं कुठून?"

विहीणबाईंनी मानेनंच जिन्याखाली दाखवलं. तिथे आमच्या सुनेची कॉलेजातली लेडीज सायकल होती, पोत्यानं झाकलेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी इवाईंनी ती कुणाला देऊ दिली नव्हती. इवाई तिच्यासमोर थोडे घुटमळले. "तिला इचारावं का?" म्हणाले. मी सुनेला फोन लावून दिला. इकडून इवाई पाच मिनिटं सायकलीचं गणित सांगत राहिले, तिकडून उत्तर आलं, "अप्पा, घ्या की. पण खरंच या." त्यांनी फोन परत देताना टेपच्या टोकानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

दुपारभर आम्ही लेडीज सायकलच्या रिंगा काढून रेसरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, नव्यानं तारा ओवल्या. मी तार धरायची, इवाईंनी ताणायची. त्या मापाचे गुबगुबीत टायर चढले, चाक बसलं, मी फिरवलं. कुठेही न घासता, देवळातल्या मोराच्या पंखासारखं हलकेच ते फिरत राहिलं! आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या पाठी बडवायला लागलो आणि तेवढ्यात मला दिसलं की ब्रेकचे रबर हवेतच लोंबतायत. चाक लहान झालं होतं. ब्रेक रिंगेपासून दोन बोटं वर राहिले होते.

"ब्रेकशिवाय जायचं न्हाई," विहीणबाई आतूनच म्हणाल्या.

ब्रेक खाली आणायला दोन पक्क्या लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. बाजारात मिळाल्या त्या हातानं वाकत होत्या. दुसऱ्या दिवशी इवाई दुकानात गेले आणि भिंतीवरचा गज काढून घेऊन आले. मीटर यायच्या आधी त्यांच्या वडिलांनी ज्यानं कापड मोजलं, तो लोखंडी गज. दर पाडव्याला त्याची पूजा व्हायची. इवाईंनी तो मांडीवर घेतला, कपाळाला लावला आणि मला म्हणाले, "इवाई, तुमी मोजा. माझ्या डोळ्याला दिसून न्हाई राहिलं." मी खूण केली. त्यांनी करवत चालवली. लोखंड कापण्याचा तो कर्कश आवाज थांबेपर्यंत विहीणबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. भोकं पाडली, पट्ट्या बसवल्या, ब्रेक दाबला. दोन्ही रबर रिंगेवर येऊन चपखल टेकले.

मी तिथेच राहिलो आणि वाढदिवसाच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. पुढे इवाई सायकलवर. मागे त्यांच्या दुकानाच्या स्कूटरवर मी आणि माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून विहीणबाई, मांडीवर पेढ्यांचा डबा. माळाकोळीपर्यंत रस्ता बरा होता. पुढे खडी सुरू झाली. मोटरसायकलवाले पाय टेकवत, घसरत चालले होते. इवाई त्या खडीवर शिरले आणि मला वाटलं, गेले! पण ते जाड टायर दगडांवरून असे तरंगत गेले की इवाई मोठ्यानं हसायलाच लागले. "इवाई! गादीवर बसल्यावाणी वाटून राहिलंय ओ! आरं काय सायकल हाय!" त्यांनी घंटी वाजवली. रस्त्यावरच्या कामगारांनी फावडी वर करून आरोळी ठोकली. मीही ओरडलो, आणि त्या नादात आमची स्कूटर खडीत रुतून आडवी झाली.

लागलं कुणालाच नाही. विहीणबाई पेढ्यांचा डबा डोक्यावर धरून उभ्या होत्या. "पडायचंच व्हतं तर मी ह्यांना उगीच अडवलं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

लोह्याच्या अलीकडे उतार लागला. इवाई वेगात खाली निघाले आणि बाजूच्या बाभळींतून अचानक शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. विहीणबाईंची बोटं माझ्या खांद्यात रुतली. समोर धुळीचा लोट उठला. त्यातून काहीच दिसेना. आम्ही पोचलो तेव्हा इवाई सायकलवरच होते, एक पाय जमिनीवर. पुढचं चाक एका शेळीच्या पोटापासून वीतभर अंतरावर, आणि शेळी त्यांच्या गळ्यातल्या टेपचं टोक चघळत होती. इवाईंनी वाकून ब्रेकवरच्या पट्टीला हात लावला. मग तोच हात छातीला लावला. शेळीच्या तोंडातून टेप सोडवला आणि निघाले.

दुपारी आम्ही गोदावरीचा पूल ओलांडला. दारात सून नातीला कडेवर घेऊन उभी होती. मुरुमानं लाल झालेला तो माणूस उतरला, आधी पाय धुतले, मग नातीला घेतलं. तिनं त्यांच्या कपाळाच्या विभूतीवर हात फिरवला आणि तो हात स्वतःच्या तोंडावर फासला. त्या दिवशी आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी सायकल पाहावी लागली, मग केक मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत निघाले, सायकलवरच. विहीणबाई नातीसाठी महिनाभर आमच्याकडे राहणार होत्या. मी आणि सून फाटकापर्यंत गेलो. इवाईंनी दांडीवरून पाय टाकला तो पलीकडे पोचला नाही. त्यांनी पायजम्याची क्लिप नीट केल्यासारखं केलं, थोडं थांबले, आणि परत टाकला. सून बघत होती.

"अप्पा, बस हाय की दहाची," ती म्हणाली. "सायकल टपावर टाकू. लवकर पोचताल."

"लवकर पोचून काय करू बाई?" इवाई म्हणाले. "घरी कोन हाय?"

आणि ते निघाले. रस्त्याला गर्दी होती. ओणवी झालेली पांढरी पाठ थोडा वेळ दिसली, मग रिक्षांच्या मागे गेली. मी आत वळलो. सून फाटकाला धरून तिथेच उभी होती.